थोरले येट्स : एका आयरिश व्यक्तिचित्रकाराची जीवनकथा



येट्स हे नाव उच्चारले की आपणां सर्वांना कवी येट्स आठवतात. 1923 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याहून आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे विदर्भातल्या बडनेऱ्यात जन्मलेल्या पुरोहित स्वामींबरोबर बसून त्यांनी दहा मुख्य उपनिषदे इंग्रजीत आणली. तो ग्रंथ 1937 साली निघाला. परंतु आज आम्ही बोलणार आहोत ते या कवीबद्दल नव्हे, तर त्यांच्या वडिलांबद्दल. जॉन बटलर येट्स हे त्यांचे नाव. पेशव्यांत जसे थोरले बाजीराव, तसे आपण यांना सोयीसाठी थोरले येट्स म्हणू. ते चित्रकार होते. माणसांचे चेहरे रंगवणे हा त्यांचा व्यवसाय. आणि हा व्यवसाय त्यांना कधीच धड जमला नाही, असे त्यांच्या घरच्यांचे, सावकारांचे आणि बहुधा त्यांचे स्वतःचेही मत होते. मग अशा माणसावर एक संध्याकाळ खर्च का करावी? त्याचे उत्तर व्याख्यानाच्या शेवटापर्यंत मिळेल अशी आमची उमेद आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. 1801 साली आयर्लंडची स्वतंत्र पार्लमेंट बंद होऊन तो देश ग्रेट ब्रिटनशी जोडला गेला. त्याचा परिणाम राजकारणापुरता राहिला नाही. डब्लिनमध्ये अधिवेशनाच्या निमित्ताने राहणारे उमराव आपले बस्तान लंडनला घेऊन गेले. व्यक्तिचित्र काढून घेणारा वर्ग तो हाच. गिऱ्हाईक गेले की कारागीरही जातो. मार्टिन आर्चर शी हे डब्लिनचे व्यक्तिचित्रकार लंडनला गेले आणि 1830 ते 1850 अशी वीस वर्षे तिथल्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष होते. डब्लिनमध्ये 1823 साली स्वतःची अकादमी स्थापन झाली खरी. पण आयरिश चित्रकाराला नाव आणि पैसा हवा असेल तर समुद्र ओलांडणे भाग, ही स्थिती शतकभर टिकली.

अशा काळात 16 मार्च 1839 रोजी काउंटी डाउनमधल्या टलीलिश या खेड्यात थोरल्या येट्सांचा जन्म झाला. वडील प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक. योगायोग असा की याच 1839 साली पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जगापुढे आली. ज्या यंत्राने व्यक्तिचित्रकाराच्या पोटावर पाय दिला, ते यंत्र आणि हा व्यक्तिचित्रकार एकाच वर्षाची लेकरे. पुढच्या सगळ्या कथेत ही गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्र जे काम क्षणात करते तेच हाताने करून दाखवायचे, की यंत्राला जे साधत नाही ते शोधायचे, हा प्रश्न त्या पिढीतल्या प्रत्येक व्यक्तिचित्रकारापुढे होता.

मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घराण्याची रीत होती. पण ट्रिनिटी कॉलेजात असताना बिशप बटलर यांचा धर्माच्या समर्थनार्थ लिहिलेला ग्रंथ थोरल्या येट्सांनी वाचला, आणि त्या समर्थनानेच त्यांची श्रद्धा उडाली. त्यानंतर मिल आणि डार्विन हे त्यांचे गुरू. मिलचे नाव निघाले की आपल्याला आगरकर आठवतात. तीच ही हवा. ती डब्लिनलाही वाहत होती. धर्मपीठ गेले, तेव्हा त्यांनी वकिलीची वाट धरली. 1862 साली वडील वारले आणि किल्डेअर काउंटीतली काही शेतजमीन वारसाहक्काने त्यांच्याकडे आली. जमीन कर्जाने गहाण होती, तरी कुळांकडून खंड येत असे. 1863 साली त्यांनी स्लायगो बंदरातल्या पॉलेक्सफेन या धनिक घराण्यातल्या सूझन यांच्याशी लग्न केले. हे सासर गिरण्या आणि जहाजे बाळगणारे, मितभाषी आणि हिशेबी. त्यांच्या मते जावई चांगला मिळाला होता: जमीनदार, पदवीधर, होऊ घातलेला बॅरिस्टर.

1866 साली ते बॅरिस्टर झाले. आयझॅक बट या नामांकित कायदेपंडितांच्या हाताखाली उमेदवारी मिळाली. हे बट म्हणजे आयर्लंडमध्ये 1870 साली होमरूलची चळवळ सुरू करणारे गृहस्थ. पुढे 1916 साली लोकमान्य टिळकांनी आणि बेझंटबाईंनी जो शब्द आपल्याकडे घरोघर नेला, त्याचे मूळ तिथे आहे. अशा माणसाचा आश्रय मिळालेल्या तरुणाला काही कमी पडण्याचे कारण नव्हते. पण कोर्टात बसल्या बसल्या हा तरुण टिपणे काढण्याऐवजी न्यायाधीशांचे आणि वकिलांचे चेहरे काढू लागला. 1867 साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, पदरी दोन लहान मुले असताना त्यांनी वकिली सोडली, लंडन गाठले आणि हेदर्ली यांच्या चित्रशाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातले.

श्रोतेहो, कलेसाठी सर्वस्व सोडणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकताना आपण टाळ्या वाजवतो. परंतु या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. सूझनबाईंनी बॅरिस्टराशी लग्न केले होते, चित्रकाराशी नव्हे. हा बदल करताना त्यांची संमती कोणी विचारलेली दिसत नाही. त्यांना लंडन कधी मानवले नाही. त्यांचे मन स्लायगोच्या समुद्रकिनाऱ्यावर होते. सहा मुले झाली, त्यांतली दोन बालपणीच गेली. 1873 साली तीन वर्षांचा रॉबर्ट गेला तो घाव खोल होता. पैशाची चणचण कायमची. मुलांना महिनोन् महिने स्लायगोला आजोबांकडे ठेवावे लागे. पुढे 1887 साली त्यांना अर्धांगाचे झटके आले, आणि उरलेले आयुष्य त्यांनी जवळजवळ मूकपणे काढले. 3 जानेवारी 1900 रोजी त्या वारल्या. थोरल्या येट्सांच्या चरित्रातले हे पान उघडे ठेवूनच बाकीची पाने वाचली पाहिजेत.

आता चित्रकार म्हणून त्यांचे काय झाले ते पाहू. लंडनमध्ये त्यांना मित्र मिळाले, जाणत्यांचे लक्ष गेले. त्यांचे एक चित्र पाहून रोझेटी यांच्यासारख्या प्रसिद्ध चित्रकाराने भेटीचे निमंत्रण धाडले. दुसरा कोणी असता तर त्याच दिवशी गेला असता. हे गेले नाहीत. आपले काम अजून दाखवण्याजोगे झालेले नाही, असा त्यांचा समज. हा समज त्यांना आयुष्यभर सोडून गेला नाही.

त्यांच्या स्वभावाची एक हकीकत कवी येट्सांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. वडिलांनी लंडनजवळच्या बर्नहॅम बीचेस या रानात एका तळ्याचे निसर्गचित्र वसंत ऋतूत काढायला घेतले. उन्हाळा आला, चित्र बदलले. पाने पिवळी पडली, चित्र पुन्हा बदलले. अखेर काठावरचे बर्फ रंगवून झाल्यावर त्यांनी ते अपुरेच सोडून दिले. समोर जे आहे ते खरे, आणि जे खरे ते आज आहे तसे काढायचे, हा त्यांचा हट्ट. निसर्गाच्या बाबतीत हे वेडेपण वाटते. पण हीच गोष्ट ते माणसाच्या चेहऱ्याबाबत करीत होते.

व्यक्तिचित्राची रीत अशी असते: माणूस चित्रकारापुढे ठरावीक बैठकी देतो. पहिल्या दिवशी आकार बांधला जातो, मग रंगांचे थर, मग डोळे, ओठ, हात. आठ-दहा बैठकींत काम संपते, पैसे मिळतात, गिऱ्हाईक चित्र घेऊन जाते. थोरल्या येट्सांकडे बैठक म्हणजे गप्पांचा फड. ते उत्तम बोलत, आणि समोरच्यालाही बोलते करीत. माणूस बोलू लागला की त्याचा चेहरा सैल होतो, खरा होतो, हे त्यांना कळले होते. ज्याच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटत नाही त्याचे चित्र आपल्याला काढता येत नाही, असे ते मानीत. परंतु याचा परिणाम काय झाला? दर बैठकीत तो माणूस त्यांना थोडा अधिक कळे. काल काढलेला चेहरा आज अपुरा वाटे. मग तो खरवडून काढायचा आणि नव्याने सुरुवात करायची. पुष्कळदा तिसऱ्या दिवशीचे चित्र उत्तम असे आणि तेराव्या दिवशीचे बिघडलेले. मित्र कॅनव्हास हातातून ओढून घेण्याचा प्रयत्न करीत, पण ते ऐकत नसत.

व्यवहाराकडे तर संपूर्ण आंधळेपणा. रंगवण्याचा मोबदला ते फार थोडा सांगत, आणि पुष्कळदा मित्रांची चित्रे फुकट काढून देत. इकडे आयर्लंडात 1879 पासून जमिनीचा लढा पेटला, कुळांनी खंड देणे थांबवले, आणि किल्डेअरचा होता तो आधार आटला. पुढे नव्या कायद्याखाली ती जमीन विकावी लागली. कर्ज भागवून हाती फारसे काही उरले नाही. 1881 साली कुटुंब डब्लिनला परतले, 1887 साली पुन्हा लंडनला गेले. हा संसार ओढला कोणी? लिली आणि लॉली या दोन मुलींनी. लिली मे मॉरिस यांच्याकडे भरतकामाला जाऊ लागल्या. लॉली चित्रकलेच्या शिकवण्या करीत, कुंचल्याच्या कामावर मुलांसाठी पुस्तके लिहीत. याच भगिनींनी पुढे 1902 नंतर आयर्लंडात हातछपाईचा छापखाना चालवला आणि आपल्या भावाची पुस्तके अतिशय देखण्या रूपात छापली. कुटुंबातल्या पुरुषांची कीर्ती जगभर झाली. तिच्याखालचा चौथरा या दोघींच्या बोटांनी बांधला आहे.

मग बापाने मुलांना दिले काय? पैसा नाही, घर नाही. डब्लिनच्या यॉर्क स्ट्रीटवर त्यांची चित्रशाळा होती. हाउथ गावाहून बाप-लेक सकाळच्या गाडीने शहरात येत, आणि शाळेत जाण्यापूर्वी त्या चित्रशाळेत न्याहारी करीत. न्याहारी चालू असताना वडील मोठ्याने कविता आणि नाटकांतले वेचे वाचून दाखवीत. जिथे भावनेची तीव्रता परमावधीला पोचते तेवढाच भाग ते निवडीत. नुसता तात्त्विक उपदेश त्यांना कवितेत खपत नसे. कवी येट्सांचे खरे विद्यापीठ ते हे. पुढे घरात अन्नाची भ्रांत असताना तरुण विल्यमला एका वृत्तपत्रात उपसंपादकाची जागा चालून आली. पत्राचे राजकारण न पटणारे होते. त्याने ती नाकारली आणि भीतभीत वडिलांना सांगितले. वडील रागावले नाहीत. उलट मनावरचे मोठे ओझे उतरले असे म्हणाले! हिशेबी माणूस याला काय म्हणेल ते आम्हांला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तो मुलगा नोकरीत अडकला असता तर काय गमावले गेले असते, याचाही हिशेब मांडायला हवा.

थोरल्या येट्सांच्या आयुष्यात एक सुदिन आला तो वयाच्या बासष्टाव्या वर्षी. सारा पर्सर या डब्लिनच्या नामवंत व्यक्तिचित्रकार. स्वतः भरपूर काम मिळवणाऱ्या, व्यवहारचतुर आणि मनाच्या मोठ्या. आपल्या या जुन्या मित्राची उपेक्षा त्यांना बघवली नाही. 1901 साली त्यांनी पुढाकार घेऊन नॅथानिएल होन आणि थोरले येट्स यांच्या चित्रांचे प्रदर्शन डब्लिनमध्ये भरवले. घरोघर विखुरलेली चित्रे मागून आणून एका ठिकाणी लावली, तेव्हा लोकांना प्रथमच कळले की आपल्यात हा कोण माणूस राहत होता. प्रदर्शन पाहणाऱ्यांत ह्यू लेन नावाचे तरुण चित्रव्यापारी होते. त्यांनी आयर्लंडच्या थोर स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रमाला काढण्याचे काम थोरल्या येट्सांवर सोपवले. राष्ट्र जागे होत होते. भाषा, नाटक, इतिहास सगळ्यांत नवा जीव येत होता. त्या माणसांचे चेहरे टिपून ठेवायला यांच्यासारखा दुसरा माणूस नव्हता, कारण ते सगळे त्यांचे मित्रच होते.

परंतु काम काही पुढे सरकेना. शेवटी लेन यांनी उरलेली चित्रे विल्यम ऑर्पेन या तरुण चित्रकाराकडे दिली. ऑर्पेन विलक्षण हातखंड्याचे. झरझर काम संपवीत आणि पुढे त्यांनी या धंद्यात अमाप पैसा मिळवला. दोघांची तुलना करण्याचा मोह होतो. आम्ही एवढेच म्हणू की ऑर्पेन यांच्या चित्रात आपण प्रथम चित्रकाराचा हात पाहतो आणि थोरल्या येट्सांच्या चित्रात प्रथम समोरचा माणूस पाहतो.

1904 साली त्यांनी काढलेले जॉन ओलीरी यांचे चित्र डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहात आहे. ओलीरी हे जुने क्रांतिकारक. 1865 साली पकडले गेले, वीस वर्षांची शिक्षा झाली, पाच वर्षे तुरुंगात आणि पंधरा वर्षे हद्दपारीत काढून 1885 साली परतले. अशा पुरुषाचे चित्र काढताना हातात तलवार किंवा मागे झेंडा दाखवण्याचा मोह साधारण चित्रकाराला झाला असता. इथे त्यातले काही नाही. काळसर पार्श्वभूमीवर पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध बसला आहे. पुस्तकांच्या सहवासात वाढलेला, कोणापुढे न वाकलेला, आणि त्याचा गर्वही नसलेला. वीस वर्षांची शिक्षा त्या डोळ्यांत आहे, पण तक्रार नाही. छायाचित्राने दाढीचा केस न् केस दिला असता. हे देता आले नसते.

तैलचित्रांत खाडाखोड करणारा हा माणूस पेन्सिल घेतली की मात्र निराळा होई. कागदावर खरवडण्याची सोय नसते, आणि तासाभराच्या गप्पांत जे उमटेल तेवढेच. 25 जानेवारी 1907 रोजी त्यांनी नाटककार सिंज यांचे तालमीच्या वेळचे रेखाचित्र काढले. दुसऱ्याच दिवशी सिंज यांच्या प्रसिद्ध नाटकाचा पहिला प्रयोग झाला आणि नाट्यगृहात दंगल उसळली. चित्रातल्या सिंजना त्याची काही वार्ता नाही. दोन वर्षांनी, 1909 साली, ते वारले. त्या गोंधळानंतर ॲबी नाट्यगृहात जाहीर वादसभा भरली, तेव्हा हे अडुसष्टाव्या वर्षाकडे झुकलेले गृहस्थ खवळलेल्या प्रेक्षकांपुढे उभे राहून नाटकाच्या बाजूने बोलले. तो प्रसंग मुलाला इतका सुंदर वाटला की आपल्या म्हातारपणी त्याने तो कवितेत गोवला.

मित्रांनी वर्गणी करून त्यांना इटलीला पाठवायचे ठरवले, म्हणजे थोर चित्रे डोळ्यांनी पाहता येतील. यांनी तो पैसा घेतला आणि डिसेंबर 1907 मध्ये मुलगी लिलीबरोबर न्यूयॉर्कचे जहाज पकडले. लिली काही महिन्यांनी परत आल्या. हे परतले नाहीत. पुढची चौदा वर्षे तिथेच राहिले. एकोणतिसाव्या रस्त्यावर पेतिपा या फ्रेंच बहिणींची खाणावळ होती. तिथे वरच्या मजल्यावर यांची खोली आणि खाली अंगणात जेवणाच्या टेबलाचे अग्रस्थान. तरुण अमेरिकन चित्रकार आणि लेखक त्यांचे बोलणे ऐकायला जमत. जॉन स्लोन यांनी 1910 साली त्या पंगतीचे चित्र काढले; दाढीवाले थोरले येट्स त्यात हातात स्केचबुक घेऊन बसले आहेत. बिले थकत. ती जॉन क्विन नावाचे रसिक वकील भागवीत, आणि कवी येट्स त्या बदल्यात आपली हस्तलिखिते क्विनकडे पाठवीत. मुलाच्या कवितेच्या कागदांवर बापाचे जेवण चालले होते. ज्याच्या बापाने आपली जमीन कलेपायी घालवली, त्या मुलाने ही परतफेड कुरकुर न करता केली असे नाही. बापाच्या इच्छाशक्तीच्या दुबळेपणाने त्यांचा व्यवसाय बुडाला, असे त्यानेच क्विनना पत्रात लिहिले आहे. पण फेड केली.

1911 साली क्विन यांनी त्यांना स्वतःचेच चित्र काढण्याचे काम दिले. आता गिऱ्हाईक कुठे जाणार नव्हते. आरसा होता आणि वेळ होता. ते चित्र अकरा वर्षे चालले. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. मुले परत बोलावीत, आणि चित्र पुरे व्हायचे आहे असे उत्तर जाई. 3 फेब्रुवारी 1922 रोजी, ब्याऐंशी वर्षांचे असताना ते वारले. ते चित्र तसेच अपुरे राहिले. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला चेस्टरटाउन येथे, एका कवयित्री मैत्रिणीच्या घराण्याच्या जागेत त्यांना पुरले. मुलाचे नोबेल पारितोषिक त्यांना पाहायला मिळाले नाही. धाकटा मुलगा जॅक मोठा चित्रकार झाला, आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, तेव्हा कलेच्याही स्पर्धा होत असत, लिफी नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीच्या चित्राला रौप्यपदक मिळाले. स्वतंत्र आयर्लंडचे ते पहिले ऑलिंपिक पदक. तेही त्यांनी पाहिले नाही.

आता प्रारंभी टाकलेल्या प्रश्नाकडे येऊ. हा माणूस अयशस्वी होता काय? घरधनी म्हणून होता, यात शंका नाही, आणि त्या अपयशाची किंमत त्यांच्या पत्नीने व मुलींनी मोजली. आपल्यापैकी कोणी त्यांचे अनुकरण करू म्हणेल तर आम्ही त्याला प्रथम सूझनबाईंची आठवण करून देऊ. पण चित्रकार म्हणून? शेकड्यांनी सफाईदार चित्रे पूर्ण करून गेलेल्या त्या शतकातल्या पुष्कळ व्यक्तिचित्रकारांची नावे आज कोणी घेत नाही. त्यांनी काढलेले उमराव कोण होते हेही विचारावे लागते. उलट आयर्लंड आपल्या नव्या युगाचे प्रवर्तक कसे दिसत होते हे पाहू इच्छितो तेव्हा त्याला या कर्जबाजारी माणसाच्या चित्रांपुढे यावे लागते. ओलीरी, सिंज, लेडी ग्रेगरी, डग्लस हाइड, स्वतः कवी येट्स, सगळे तिथे आहेत. गिऱ्हाइकाला हवे ते त्यांनी दिले नाही. समोर बसलेल्या माणसाविषयी आपल्याला जे कळले तेवढेच त्यांनी कॅनव्हासवर ठेवले, आणि अधिक कळले तेव्हा आधीचे पुसण्याची तयारी ठेवली.

आपणही रोज माणसांविषयी मते बांधतो. एका भेटीत बांधतो आणि जन्मभर ती बदलत नाही. थोरल्या येट्सांची चित्रे पाहावीत ती या सवयीवर उतारा म्हणून.